ग्लासातल्या मेणबत्तीची वात तळाशी पक्की कशी बसवावी

प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याला चौघीजणी मिळून २०० मिलीच्या काचेच्या ग्लासात सोया मेणाच्या सुगंधी मेणबत्त्या करतात. वातीची पत्र्याची चकती ग्लू गनने तळाला चिकटवतात. मेण ओतताना दहांतल्या दोन-तीन चकत्या जागच्या हलतात आणि पावसाळ्यात हे प्रमाण वाढतं. त्यातच एका गिऱ्हाइकाकडे मेणबत्ती संपत आली असताना ज्योत काचेला जाऊन टेकली आणि ग्लास तडकला. ग्लू गन सोडून स्टिकर घ्यावेत का? आणि दिवाळीसाठी करवंटीत मेणबत्त्या करायच्या झाल्या तर वात कशी बसवायची?

सुरुवात तडकलेल्या ग्लासापासून करायला हवी, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे. वात चिकटवताना आपल्या डोळ्यांसमोर मेण ओतण्याची वेळ असते. ६० अंशांचं मेण ओतलं, चकती हलली नाही, म्हणजे काम झालं असं वाटतं. पण ओतलेलं मेण लगेच थंड व्हायला लागतं आणि चकतीवर ताण येतो तो फार तर दहा-पंधरा मिनिटं. मेणबत्तीच्या शेवटच्या तासात वेगळंच घडतं. तळाशी एक-दीड सेंटिमीटर मेण उरलेलं असतं, ते सगळंच पातळ झालेलं असतं, ज्योत चकतीच्या अगदी डोक्यावर आलेली असते आणि चकती धातूची असल्यामुळे ती उष्णता थेट खालच्या गोंदापर्यंत पोचवते. तिथे गोंद मऊ झाला की चकती पातळ मेणातून सहज घसरते, वात कलते आणि ज्योत काचेजवळ येते. काचेचा तेवढाच ठिपका भयंकर तापतो, बाजूची काच मात्र त्या मानाने थंड असते. काच तडकते ती या फरकामुळे, आणि मग गरम मेण टेबलावर पसरतं. त्यामुळे गोंद निवडायचा तो या शेवटच्या तासासाठी. तिथे टिकणारा गोंद ओतताना सहसा दगा देत नाही.

गोंदाकडे वळण्याआधी चकतीकडे बघा, कारण निम्मा बचाव तिच्यात असतो. चकतीच्या मधोमध जी छोटी उभी नळी असते, जिच्यातून वात वर येते, तिला इथे मान म्हणू. बाजारात सर्रास मिळणाऱ्या स्वस्त चकत्यांची मान ३ मिमीची असते. काचेच्या ग्लासासाठी ती पुरत नाही. ९ मिमीच्या आसपास मान असलेल्या चकत्या मागवा. मेणाची पातळी मानेच्या वरच्या टोकाखाली गेली की वातीला मेण ओढता येत नाही आणि ज्योत आपोआप विझते. तळाशी उरलेलं मेण काचेच्या बुडाला जास्त तापू देत नाही. हे मेण वाया जातं, हे खरं. ग्लासाचा आतला व्यास ६.५ सेंमी असेल तर ९ मिमी जाडीचा थर म्हणजे साधारण २६-२७ ग्रॅम मेण. २०० मिलीच्या ग्लासात आपण १६० ग्रॅमच्या आसपास मेण भरतो, तेव्हा ही गळती कमी नाही. ती किमतीत धरा, पण मान तोकडी करून ती वाचवायला जाऊ नका.

चकतीचा व्यासही महत्त्वाचा. १२.५ मिमीच्या चकतीपेक्षा २० मिमीच्या चकतीला गोंदासाठी अडीचपट जागा मिळते. ६ सेंमीपेक्षा रुंद ग्लासात लहान चकती वापरायचं काहीच कारण नाही.

आता एक बारीक गोष्ट, जिच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. चकती उलटी करून खालून बघा. वात ओवताना तिचं टोक भोकातून खाली अर्धा-एक मिलिमीटर बाहेर आलेलं दिसेल. हे टोक दोन प्रकारे त्रास देतं. एक म्हणजे चकती काचेवर सपाट बसत नाही, त्या टोकावर डुगडुगते आणि गोंद एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होतो. दुसरं म्हणजे शेवटी वात त्या खालच्या टोकाने मेण ओढत राहते, त्यामुळे मान उंच असूनही ज्योत वेळेवर विझत नाही. म्हणून वात ओवल्यावर खालचं टोक ब्लेडने चकतीच्या पातळीत कापा, मग नोज प्लायरने मान दोन-तीन ठिकाणी दाबून वात घट्ट आवळा. आवळल्यावर वात धरून चकती हलकेच ओढून बघा. ती घसरली तर पुन्हा दाबा. आणि चिकटवताना गोंदाने किंवा स्टिकरने भोक पूर्ण झाकलं गेलं पाहिजे.

चकत्या उघड्या डब्यात ठेवू नका. आपल्या खाऱ्या, दमट हवेत पत्र्यावर काही आठवड्यांत तांबूस ठिपके येतात. गंजावर चिकटवलेला गोंद गंजाच्या पापुद्र्यासकट सुटतो. झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवा. वातीही त्याच बरणीत ठेवता येतील.

काच स्वच्छ करण्याबद्दल. दुकानातून आलेला नवा ग्लास दिसायला लख्ख असतो, पण त्यावर बोटांचे डाग आणि खोक्यातली धूळ असते. भांड्याच्या साबणाने धुवा, भरपूर पाण्याने विसळा, वाळवा आणि चिकटवण्याआधी तळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हातांसाठीचं सॅनिटायझर त्याऐवजी वापरू नका. त्यात बहुधा ग्लिसरीन असतं, ते काचेवर न दिसणारा तेलकट थर सोडतं आणि गोंद त्या थराला चिकटतो, काचेला नाही. अल्कोहोल पूर्ण उडून जाऊ द्या, दोन-तीन मिनिटं पुरतात. ओल्या अल्कोहोलवर गरम गोंद टाकला तर तो धरतच नाही. बिघडलेला गरम गोंद सोडवायलाही हेच अल्कोहोल कामी येतं: कडेला दोन थेंब सोडले की तो काचेपासून अख्खा निघतो.

यानंतर तापमान. ग्लू गनने चिकटवलेल्या चकत्या हलण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे थंड काच. गोंदाचा गरम थेंब थंड काचेवर पडला की त्याचा खालचा पापुद्रा क्षणात गोठतो आणि काचेला भिजवतच नाही. वरून चकती दाबली तरी आतला गोंद पसरतो, पण तो पापुद्रा नुसता काचेवर ठेवल्यासारखा राहतो. हे डोळ्यांनी तपासता येतं. ग्लास उलटा करून उजेडाकडे धरा आणि तळातून चकतीकडे बघा. नीट धरलेला गोंद काचेला लागून एकसारखा दिसतो, ओल्या काचेसारखा, मागची चकती स्वच्छ दिसते. न धरलेल्या गोंदात पांढुरके, धुरकट डाग दिसतात किंवा हवेचे चपटे बुडबुडे चमकतात. चकतीच्या एक-तृतीयांशपेक्षा जास्त भाग असा पांढुरका दिसला तर ती सोडवून पुन्हा चिकटवा. असा तपास एका ग्लासाला पाच सेकंदांत होतो आणि वाया जाणारं मेण वाचतं.

पावसाळ्यात प्रमाण का वाढतं, तेही इथेच कळेल. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की खोलीपेक्षा जरा थंड असलेल्या काचेवरही डोळ्यांना न दिसणारा दमटपणा धरतो. ए.सी.च्या खोलीत ठेवलेले ग्लास बाहेर काढले तर त्यांवर सरळ धुकंच बसतं. म्हणून पावसाळ्यात काच गरम केल्याशिवाय चिकटवूच नये. ओव्हन असेल तर ५०-६० अंशांवर दहा मिनिटं, नाहीतर हेअर ड्रायरने आतून एक-दोन मिनिटं. तळ बोटाला चांगला कोमट लागला पाहिजे. गॅसच्या ज्योतीवर ग्लास धरू नका, साधी काच तिथेच तडकते. आणि गरम ग्लास लगेच वापरा. वीस ग्लास एकदम तापवून एकेक चिकटवत बसलात तर शेवटचे दहा पुन्हा थंड झालेले असतात. पाच-पाचच्या तुकड्या करा.

आता तुमचा मूळ प्रश्न: ग्लू गन की स्टिकर?

ग्लू गनच्या काड्या ई.व्ही.ए. नावाच्या, तापल्यावर वितळणाऱ्या प्लास्टिकच्या असतात. त्या वितळवून लावायच्या असल्यामुळे पुन्हा तापल्या की पुन्हा मऊ होणारच. ६० ते ८० अंशांच्या टप्प्यात त्यांची पकड झपाट्याने कमी होते. सोया मेण ५५-६० अंशांवर ओतलं तर ओतताना त्या टिकतात. पॅराफिन ७५-८० अंशांवर ओतलं तर तिथेच डळमळतात. आणि शेवटच्या तासाच्या उष्णतेत त्यांच्यावर विसंबता येत नाही. त्यात सुगंधी तेलाचं प्रमाण ८-१० टक्के असेल तर तेलही या गोंदाला हळूहळू मऊ करतं. ग्लू गन वापरायचीच असेल तर जास्त तापमानाची गन आणि तिच्याच काड्या घ्या, गरम काचेवर हरभऱ्याच्या दाण्याएवढा थेंब चकतीला लावा, १५ सेकंद दाबून धरा आणि उंच मानेची चकती वापरा. घरात वापरायच्या मेणबत्तीला एवढं ठीक. विकायच्या मेणबत्तीला ती पुरेशी वाटत नाही.

स्टिकर म्हणजे २० मिमीच्या आसपासचे दोन्ही बाजूंनी चिकटणारे फोमचे गोल. सपाट तळाच्या ग्लासाला विकायच्या मालात हेच सगळ्यात सोयीचे, आणि तुमच्या ग्लासांना माझा सल्ला यांचाच. मात्र मेणबत्तीसाठीचे, उष्णता सोसणारे असं सांगून विकले जाणारेच घ्या. स्टेशनरीच्या दुकानातली साधी डबल टेप कापून लावली तर ती गरम मेणात आणि तेलात सुटते. स्टिकरचं बलस्थान म्हणजे फोम. तळ किंचित खडबडीत असला किंवा कंपनीचं चिन्ह उठावाने काढलेलं असलं तरी फोम त्यात दबून बसतो. आधी स्टिकर चकतीला लावा, कडा जुळल्या का बघा, मग वरचा कागद सोलून काचेवर टेकवा आणि मोजून ३० सेकंद दाबा. या गोंदाची पकड पहिल्या दिवसभरात वाढत जाते. म्हणून चकत्या आदल्या संध्याकाळी लावून ठेवा आणि मेण दुसऱ्या दिवशी ओता. चिकटवून पाच मिनिटांत मेण ओतणारे लोक स्टिकरला नावं ठेवतात, पण चूक घाईची असते. सोललेल्या स्टिकरच्या चिकट बाजूला बोट लावू नका, एका बोटाच्या ठशानेही पकड कमी होते.

तिसरा पर्याय सिलिकॉन. मोटारीच्या इंजिनाच्या गॅस्केटसाठी वापरतात तो उष्णता सोसणारा सिलिकॉन, स्पेअर पार्टच्या दुकानात ट्यूबमध्ये मिळतो. तो २०० अंशांच्या पुढेही टिकतो, म्हणजे मेणबत्ती त्याच्या जवळपासही पोचत नाही. तळ आत फुगलेला असेल, करवंटी असेल किंवा जेल मेण असेल तर सिलिकॉनच वापरा. हा हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो, त्यामुळे आपल्याकडचा पावसाळा त्याला उलट मानवतो. पण चकती आणि काच यांच्यामध्ये हवा फक्त कडेने शिरते, म्हणून थर पातळ ठेवा आणि २० मिमीच्या चकतीला पूर्ण दोन दिवस द्या. काही सिलिकॉनला वाळताना व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. त्यातून निघणारं आम्ल चकतीला गंजवतं आणि वास मेणाच्या सुगंधात मिसळतो. ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेला मिळाला तर तो घ्या. कुठलाही असो, ग्लासात नाक घालून वास पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावरच मेण ओता.

बाकीच्या गोंदांबद्दल थोडक्यात. सुतारकामाचा पांढरा गोंद पाणी उडून वाळतो, काच आणि पत्र्याच्या मध्ये पाणी उडायला वाटच नसते. चटकन चिकटणारा इन्स्टंट ग्लू काचेवर ठिसूळ होतो, तापला की एका धक्क्यात सुटतो. चकती वितळलेल्या मेणात बुडवून चिकटवण्याची जुनी पद्धत साच्यातल्या पणतीएवढ्या मेणबत्तीला चालते. ग्लासात वरून गरम मेण आलं की ते खालचं मेणही वितळतं.

कुठलाही गोंद घ्या, विकायला काढण्याआधी त्याची पाण्याने परीक्षा करा. नवा गोंद, नवे ग्लास किंवा नव्या चकत्या आल्या की त्यांतले दोन नमुने चिकटवून एक दिवस ठेवा, सिलिकॉन असेल तर वर सांगितलेले पूर्ण दोन दिवस. मग तीन वाट्या उकळतं पाणी आणि एक वाटी नळाचं पाणी एकत्र करा, ते साधारण ८० अंशांचं होतं. ग्लास आधी कोमट पाण्याने विसळून घ्या, नाहीतर काच तडकेल, आणि त्यात हे पाणी भरा. पंधरा मिनिटांनी, पाणी आत असतानाच, काडीच्या टोकाने चकती आडवी ढकलून बघा. वर ओढून बघण्यापेक्षा आडवं ढकलणं महत्त्वाचं, कारण जळताना चकती घसरते ती आडवी. जराही सरकली तर तो गोंद त्या काचेसाठी बाद. नमुन्याचे हे दोन ग्लास मेणबत्तीसाठी वापरू नका.

चकती मध्यभागी बसवणं हे वेगळं काम आहे आणि नुसत्या नजरेने ते होत नाही. ६.५ सेंमीच्या ग्लासात चकती ३ मिमीने चुकली तर एका बाजूची काच वातीपासून २९.५ मिमीवर आणि दुसरी ३५.५ मिमीवर येते. जवळच्या बाजूला काजळी धरते, लांबच्या बाजूला न वितळलेल्या मेणाची भिंत उभी राहते. सोपा उपाय: ग्लासाचा तळ कागदावर ठेवून पेन्सिलीने वर्तुळ काढा, ते कापा, दोनदा घडी घालून उघडा. घड्या जिथे छेदतात तो मध्य. हा कागद ग्लासाखाली ठेवला की फुली तळातून दिसते. मग रिफिल काढलेल्या बॉलपेनची नळी घ्या, वात तिच्यातून वर ओवा, चकती नळीच्या तोंडाला टेकवा, गोंद किंवा स्टिकर लावा आणि नळी सरळ उभी धरून फुलीवर दाबा. बोटं ग्लासात घालावी लागत नाहीत, चकती सपाट बसते आणि दाब सगळीकडे सारखा पडतो.

रुंद ग्लासात, म्हणजे आतला व्यास ९-१० सेंमीच्या पुढे, एक वात पुरत नाही. दोन वाती लावायच्या तर प्रत्येक वात भिंतीपासून व्यासाच्या एक-चतुर्थांश अंतरावर घ्या. १० सेंमीच्या भांड्यात भिंतीपासून अडीच सेंमी, दोघींमध्ये पाच सेंमी. त्याहून भिंतीजवळ नेऊ नका.

वरचं टोक धरायला चिमटे, आइस्क्रीमच्या काड्या, विकतच्या पट्ट्या, काहीही चालतं. पण आपल्याकडे माडाच्या चुडताचे हीर फुकट मिळतात आणि ते या कामाला नामी आहेत. सुकलेले, सरळ, एकसारख्या जाडीचे दोन हीर १२-१५ सेंमी लांबीचे कापा, शेजारी शेजारी ठेवून दोन्ही टोकांना दोरा किंवा रबर बँड घट्ट बांधा. मधल्या फटीत वात सरकवली की हीर तिला दोन्ही बाजूंनी अलगद चिमटीत धरतात आणि ग्लासाच्या कडेवर आडवे बसतात. हिरावर शाईने मध्याची खूण करून ठेवली की प्रत्येक ग्लासाला मोजमाप लागत नाही. वात सरळ उभी राहील एवढीच ताणा. तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली वात चकतीला सतत वर खेचत राहते, आणि गरम मेण ओतल्यावर गोंद जरा मऊ झाला की चकतीची एक कड उचलली जाते. ओतताना सरकणाऱ्या चकत्यांमागे हेही एक कारण असतं, मात्र दोष गोंदावर जातो.

वात आधी मेणात भिजवून सरळ केलेली हवी. न भिजवलेली सुती वात हवेतला ओलावा धरते, मग पेटवल्यावर तडतडते, आणि ओतताना तिच्यातली हवा बुडबुड्यांनी वर येते. ७०-७५ अंशांच्या मेणात वात बुडवा, बुडबुडे थांबले की काढा, ताणून सरळ करा आणि कागदावर गार होऊ द्या. विकत आणलेल्या मेण लावलेल्या वाती मे महिन्यात पिशवीतच वाकतात. टेबलावर तळहाताखाली लाटून त्या सरळ होतात. जेल मेणासाठी मात्र वात जेलमध्येच भिजवा, दुसरं मेण लावलेली वात पारदर्शक जेल गढूळ करते.

ओतताना मेण चकतीवर धारेने सोडू नका. भांड्याचं तोंड ग्लासाच्या भिंतीजवळ आणून भिंतीवरून सावकाश सोडा. ग्लास कोमट असावा. ओतून दहा मिनिटांनी वात पुन्हा एकदा बघा, वरचा लेप वितळून ती जरा ढिली पडलेली असते. हीर किंचित सरकवून तिला सरळ करा आणि मग मेण गोठेपर्यंत ग्लासाला हात लावू नका. तरीही ओतल्यावर एखादी चकती सरकलीच, तर हिराच्या टोकाने ती मध्यावर ढकलून मेण गोठू द्या आणि ग्लासावर खूण करा. तो ग्लास विकायचा नाही. वरून चांगला दिसला तरी त्याची चकती केवळ मेणाने धरलेली आहे आणि मेण वितळलं की ती मोकळी. कोमट पाण्यात ठेवून ते पाणी हळूहळू तापवा, सगळं मेण वितळलं की काढून घ्या, काच साफ करून पुन्हा सुरुवात करा. सुगंध थोडा उडतो, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

प्रत्येक कललेली वात म्हणजे सुटलेली चकती नव्हे, हे गिऱ्हाइकांनाही सांगावं लागतं. चपट्या विणीच्या वाती जळताना टोकाशी मुद्दामच वाकतात, त्यामुळे टोक ज्योतीच्या कडेला येऊन जळून जातं आणि काजळीचा गोळा साचत नाही. फरक तळातून बघितल्यावर कळतो: चकती फुलीवर असेल तर वात ठीक आहे. दुसरा प्रकार उन्हाचा. म्हापशाच्या शुक्रवारच्या किंवा हणजूणच्या बुधवारच्या बाजारात माल नेताना बंद गाडीत किंवा उन्हातल्या टेबलावर सोया मेण सहज मऊ होतं, कारण ग्लाससाठीचं सोया मेण ४५-५० अंशांच्या आसपास वितळतं. मेण मऊ झालं की वात वरून कलते. तिथेही चकती जागेवर असते, वात सरळ करून मेण गार होऊ दिलं की झालं. मेणात खोबरेल घालणाऱ्यांना हा त्रास दुप्पट होतो. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे गोव्यात ते वर्षातला बहुतेक काळ पातळच असतं. त्याने मेण मऊ होतं आणि गोंदही.

आता करवंटी, आपल्याकडची करटी. हिला काचेपेक्षा जास्त काळजी लागते, कारण काच तडकते पण करटी पेट घेते.

नारळ फोडल्यावर डोळे असलेला अर्धा भाग शक्यतो घेऊ नका. एक डोळा मऊ असतो, त्यातून मेण गळतं. दुसरा अर्धा घ्या. आतला खोबऱ्याचा पापुद्रा आणि तपकिरी साल पूर्ण खरवडा, बाहेरचे काथ्याचे तंतू पॉलिश पेपरने घासून काढा, एकही तंतू राहता कामा नये, कारण ठिणगी आधी त्यांनाच लागते. आत तेल मुरलेलं असतं, म्हणून सोड्याच्या गरम पाण्याने धुवा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात हे काम काढू नका, दिवाळीच्या आधी ऊन पडल्यावरच करा. बाहेरचा तळ पॉलिश पेपरवर घासून रुपयाच्या नाण्याएवढा सपाट केला की करटी डुलत नाही. डुलणारी करटी म्हणजे एका बाजूला जमा होणारं मेण आणि तिकडे कलणारी ज्योत.

आतला तळ गोलसर असतो, त्यावर सपाट चकती फक्त कडांवर टेकते. १२.५ मिमीची लहान चकती घ्या, लाकडी कालथ्याच्या दांड्याच्या गोल टोकावर तिच्या कडा हलकेच दाबून किंचित वाकवा, तळाचा मध्य पॉलिश पेपरने खरबरीत करा आणि सिलिकॉनचा जरा जाड थर देऊन बसवा. जाड थराला तीन दिवस द्या. इथे मान १२ मिमीची हवी, त्याहून कमी नको. ज्योत तळापर्यंत पोचलीच नाही पाहिजे. मेण कडेखाली एक सेंमी ठेवून भरा. वात एक आकार लहान निवडा: वितळलेल्या मेणाचं तळं कडेपर्यंत पोचलं नाही, भोवती मेणाची कड राहिली, तरी करटीत ते चांगलंच. आत वॉर्निश लावू नका. डिचोलीच्या मातीच्या वाट्या वापरायच्या असतील तर न भाजलेल्या किंवा बिनझिलईच्या वाटीतून मेण बाहेर पाझरतं आणि मातीच्या धुळीवर गोंद धरत नाही. आतून झिलई दिलेल्या वाट्याच घ्या आणि काचेसारखंच चिकटवा.

कापलेल्या बिअरच्या किंवा फेणीच्या बाटल्यांचे ग्लास पर्यटकांना आवडतात, पण ते घेऊ नका असंच सांगेन. कापलेल्या कडेत न दिसणाऱ्या चिरा राहतात, उष्णतेने त्या वाढतात. बाटलीचा तळ आत फुगलेला असतो, त्यामुळे चकतीही नीट बसत नाही.

नव्या ग्लास-मेण-गोंदाच्या प्रत्येक जोडीच्या दोन-तीन मेणबत्त्या शेवटपर्यंत जाळून बघा. स्टीलच्या ताटात ठेवा, शेजारी कोणीतरी बसलेलं असू द्या, एका वेळी चार तासांपेक्षा जास्त जाळू नका आणि दर वेळी पेटवण्याआधी वात ६ मिमी ठेवून कापा. तळाशी दीड सेंमी मेण उरल्यावर दर पंधरा मिनिटांनी खालून चकती तपासा. ज्योत मानेशी येऊन स्वतःहून विझली, चकती फुलीवरच राहिली आणि विझल्यावर ग्लासाचा तळ कपड्याने धरून उचलण्याइतपतच गरम असला, तर ती जोडी विकायला हरकत नाही. ग्लासाच्या तळाला मराठी, कोकणी आणि इंग्रजीत लेबल लावा: तळाशी एक सेंटिमीटर मेण उरलं की ज्योत विझवावी, वात काचेकडे सरकलेली दिसली तर लगेच विझवावी आणि ती मेणबत्ती पुन्हा पेटवू नये.